वरशातल्या घराचं धुरांडं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात बायकोलाही नाही. रोह्याजवळच्या वरसे गावात मी एका घराचं स्वयंपाकघर बांधलं, त्यात चूल आणि धुरांडं केलं, आणि धुरांड्याच्या पोटात गोणपाटाचा बोळा तसाच ठेवून पेणला निघून आलो. आठ दिवसांनी तो मला आठवला. आठवल्यावरही दोन उन्हाळे मी तो काढला नाही. त्या धुरात जी बाई रोज बसत होती, तिलाच मी तिच्या सासूच्या देखत चूल कशी पेटवायची ते शिकवून आलो.

मी गवंडीकाम करतो. वय पन्नाशीच्या पुढे गेलंय. पेणमध्ये आणि रोह्याकडे मला लोक दोन गोष्टींसाठी ओळखतात: मी फारसं बोलत नाही, आणि माझं धुरांडं ओढतं. धुरांडं ओढतं म्हणजे चूल पेटवली की धूर खोलीत न रेंगाळता सरळ वर जातो. आता घरोघरी गॅस आहे, मग हे कौशल्य कोण विचारतो असं वाटेल. पण उलट झालंय. कोलाडला हायवेच्या कडेला हॉटेलवाल्यांना चुलीवरची भाकरी दाखवायची असते, मुंबईहून येऊन बंगले बांधणाऱ्यांना मागच्या अंगणात चूल हवी असते. आणि आमच्याकडे पापड-फेण्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाया आहेत, त्यांना मोठ्या पातेल्यात उकड काढायला गॅस परवडत नाही. हे सगळे मला शोधत येतात. मी बांधलेल्या कुठल्या चुलीला धूर लागत नाही, हे माझ्याआधी बायका एकमेकींना सांगतात. तेच माझं नाव. बाकी माझ्याकडे दुसरं काही नाही.

बोळा म्हणजे काय ते सांगायला हवं. धुरांड्याला आतून गिलावा करावा लागतो. आतली बाजू गुळगुळीत असली की काजळी कमी धरते. पण गिलावा करताना सिमेंटचा माल खाली गळतो, आणि तो चुलीत पडून थिजला तर चूल वाया. म्हणून चुलीच्या वर जो तिरका गळा असतो, त्याच्यापुढे जिथून धुरांडं सरळ वर चढतं तिथं, आम्ही गोणपाटाचा बोळा ठासतो. गळणारा माल त्याच्यावर पडतो. काम संपलं की माल ओला आहे तोवर बोळा खालून ओढून घ्यायचा. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली मी शिकलो, तो बोळ्याला सुतळी बांधायचा आणि तिचं टोक चुलीच्या तोंडातून बाहेर जमिनीवर सोडायचा. सुतळी पायात आली की बोळा आठवतो, एवढंच त्यामागचं कारण. खालून वाकून बघितलं तर तिरक्या गळ्यामुळे बोळा दिसत नाही. दिसते ती सुतळी. मीही आयुष्यभर सुतळी सोडत आलो. वरशातही सोडली होती.

त्या घरात तिघं माणसं. सासू साठीची, पापड आणि तांदळाच्या फेण्या करून रोह्यात दुकानांना देणारी. मुलगा कंपनीत शिफ्टवर. सून पेणजवळच्या जिते गावची, खाडीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. जुनं पत्र्याचं स्वयंपाकघर पाडून त्यांनी स्लॅबचं केलं, आणि सासूच्या ऑर्डरींसाठी दोन तोंडांची चूल मागितली. माझ्याबरोबर मजुरीला नदीकाठच्या आदिवासी वाडीतली एक बाई होती. दहा-बारा वर्षं ती माझ्याकडे काम करत होती. माल कालवण्यात आणि माझ्या चुका काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ज्या दिवशी आतला गिलावा संपला, त्याच दिवशी चुलीची पूजा होती. नव्या चुलीवर पहिल्यांदा दूध उतू घालवायचं असतं, आणि भटजींनी दुपारची वेळ काढून दिली होती. मी वर धुरांड्यावर टोपी बसवत होतो. चार खुंट्या आणि वर छोटी फरशी, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. खाली चुलीपुढे रांगोळी घालायची घाई चालली होती. मी उतरून आलो तर सासू माझ्यावरच उखडली.

"मिस्त्री, हे शेपूट कसलं बाहेर लोंबतंय? रांगोळी पुसली माझी त्यानं. काढा आधी."

सुतळी मालानं बरबटलेली होती, आणि नव्या शेणानं सारवलेल्या तुकड्यावर पांढऱ्या रांगोळीत ती खरंच घाण दिसत होती. मी खाली बसलो, आत हात घातला आणि गिलाव्याच्या करणीच्या धारेनं ती वरच कापली. बोळा तेव्हाच ओढला असता तर वरचा ओला माल रांगोळीवर पडला असता; मनात होतं की पूजा झाली, माणसं पांगली, की हात घालून तो काढायचा.

मजूरबाईनं दारातून विचारलं, "दादा, बोळा?"

"माहीत आहे मला. तू घमेली धू."

दूध ठेवलं. सुनेनं पेटवलं. चार काटक्या आणि अर्धी गोवरी, तेवढ्यावर दूध वर येईतो स्वयंपाकघर धुरानं भरलं, सगळ्यांचे डोळे चुरचुरले, सगळे हसले. नवी चूल आहे, ओली आहे, असं कुणीतरी म्हणालं. दूध उतू गेलं तेव्हा टाळ्या वाजल्या, मुलानं मोबाईलवर फोटो काढले. मग मला पाटावर बसवून सासूनं कुंकू लावलं, नारळ, टॉवेल आणि टोपी दिली. शेजारच्या दोन बायका पुढं झाल्या, म्हणाल्या, "आमच्याकडं पण अशीच करा हो, काकूंसारखी." मी मान डोलावली. टॉवेल खांद्यावर टाकून मी मोटारसायकलवर बसलो आणि नागोठण्यापर्यंत मला बोळा आठवला नाही. पुढंही आठवला नाही.

आठ दिवसांनी कोलाडच्या एका हॉटेलात मी दुसऱ्या धुरांड्यात बोळा ठासत होतो. मजूरबाई खालून सुतळी हातात धरून उभी होती. तिनं सहज विचारलं, "वरशाचा काढलास ना?"

माझा हात तिथंच राहिला. त्या क्षणी मला सगळं दिसलं. कापलेली सुतळी, रांगोळी, नारळ. मी वरून म्हणालो, "काढला."

हे माझं पहिलं खोटं. ते बोलायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. तिनं वर बघितलं आणि सुतळी चुलीच्या तोंडातून बाहेर ओढून घेतली.

तेव्हाच वरशाला गेलो असतो तर काय लागलं असतं? माल आता थिजला होता, म्हणजे टोपी उतरवून वरून फोडावं लागलं असतं. एक दिवस गेला असता. सासू चार शब्द बोलली असती. शेजारच्या त्या दोघींनी चुलीचं काम दुसऱ्याला दिलं असतं, आणि वरशात, मग रोह्यात, हसत हसत सांगितलं गेलं असतं की धुरांडंवाला मिस्त्री धुरांड्यात गोणपाट विसरला. मला ते हसणं नको होतं. मी स्वतःला सांगितलं, गोणपाटच आहे, चार वेळा चूल पेटली की जळून जाईल. सिमेंट प्यालेलं गोणपाट जळत नाही, त्याचा दगड होतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तीस वर्षं मी तेच काम करत होतो.

पापडांचा हंगाम सुरू झाला आणि सासूचा फोन आला. मी दोन दिवस टाळला, तिसऱ्या दिवशी गेलो.

स्वयंपाकघराच्या नव्या रंगावर चुलीच्या वरच्या बाजूला काळा पट्टा चढला होता. सून पदरानं डोळे पुशीत बाजूला झाली. आत सासू होती, आणि पूजेच्या दिवशीच्या त्या दोन शेजारणी उकड मळत बसल्या होत्या.

"मिस्त्री, चूल तुमची देखणी हाय," सासू म्हणाली, "पण धूर सगळा घरात. पापडाला वास लागतोय माझ्या."

"वर जातच नाय काका," सून म्हणाली. "थोडा जातो, बाकीचा परत फिरतो. बंद असल्यासारखा."

"बंद कसा असंल? मिस्त्रींचं धुरांडं कधी बंद असतं? तुला पेटवता येत नाय म्हणून. जित्याला काय गॅसवर वाढलीस गो तू?"

"आमच्याकडं पण चूलच हाय. तिथं कधी असं नाय झालं."

"तिथली चूल माहेरची," एक शेजारीण म्हणाली. "ती कशाला धूर सोडंल लेकीवर?"

सगळ्या हसल्या. सूनही थोडं हसली. मी गुडघ्यावर बसलो, बॅटरी लावली, गळ्यात डोकं घालून बघितलं. कापलेल्या सुतळीचं जळकं टोक मला दिसलं. बोटभर. माझ्याशिवाय ते कुणाला कळलं नसतं. मी ते चिमटीत धरलं, तोडलं आणि मुठीत घेतलं.

बाहेर आलो. चौघी माझ्याकडे बघत होत्या. त्यातल्या दोघींना माझ्याकडून चुली करून घ्यायच्या होत्या.

मी म्हणालो, "धुरांड्यात काही नाही. लाकूड ओलं आहे. आणि चूल पेटवायची पण एक पद्धत असते."

"ऐकलंस?" सासू म्हणाली. "मिस्त्री सांगतायत. मी सांगितलं तर सासू वाईट."

सुनेनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. तिला खरंच वाटलं की मला ठाऊक आहे आणि तिला ठाऊक नाही. ती म्हणाली, "मग दाखवा ना काका. कशी पेटवायची ते."

मला बसावं लागलं. मी वाळक्या झावळीचे तुकडे घेतले, वर दोन बारीक काटक्या ठेवल्या, आणि मुद्दाम इवलासा जाळ केला. बोळ्याच्या कडेनं जी फट राहिली होती, तेवढ्यातून तेवढा धूर निघून जाणार हे मला माहीत होतं. गेला. खोलीत काही आलं नाही. बाया म्हणाल्या, बघ, हाताचा गुण असतो. सून मान खाली घालून माझे हात बघत होती, शिकायला. काटक्या कशा ठेवल्या, फुंकर किती मारली. मी तिला म्हणालो, घाई करायची नाही, जाळ हळूहळू वाढवायचा. पातेलं मोठं ठेवलं, लाकडं भरली की काय होणार हे मी सांगितलं नाही.

निघताना सासूनं विचारलं, "पावसाआधी धुरांडं झाडायला येता का? पेणला तुम्ही काट्यांची जुडी दोरीनं सोडता म्हणं आतून."

मी झाडतो, बऱ्याच घरांची. करवंदीच्या काट्यांची जुडी, तिला दगड बांधायचा, दोरीनं वरून खाली-वर करायचं, सगळी काजळी उतरते. तशी जुडी आत सोडली असती तर सहा फुटांवर अडकली असती आणि कुणी साधा मजूर असता तरी त्याला कळलं असतं.

मी म्हणालो, "नवं आहे काकू. दोन वर्षं झाडायची गरज नाही. आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका, आतला गिलावा निघेल."

त्या हंगामात मी शेजारच्या दोन्ही चुली केल्या. दोन्ही उत्तम ओढतात. त्याही त्या सुनेच्या विरुद्ध साक्षीला उभ्या राहिल्या, कारण मिस्त्री तोच, चूल तीच, मग धूर एकाच घरात का?

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी रोह्यात सिमेंटच्या दुकानात तिचा नवरा भेटला. रात्रपाळी करून आला होता, डोळे सुजलेले. मी सहज विचारावं तसं विचारलं, घरी सगळं बरं ना. तो म्हणाला, "मंडळी जित्याला गेलीय. दम लागतो तिला. जिना चढली तरी थांबते. डॉक्टरनं विचारलं, घरात कोण विडी ओढतं काय? मी म्हटलं, कोणच नाय. पंप दिलाय ओढायला."

"चुलीचा धूर?" मी विचारलं.

"आई पण बसते की चुलीपुढं. तिला काय होत नाय. आई म्हणते, कामाचा कंटाळा हाय, दुसरं काय नाय." त्यानं डोळे चोळले. "मला कळत नाय मिस्त्री कुणाचं खरं धरायचं. रोज घरी गेलं की तेच. चूल, चूल, चूल."

आईला काही होत नव्हतं, कारण ती उकड मळायला दाराशी बसत होती. चुलीपुढे सून असायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी त्याला म्हणालो, "गच्चीवर धुरांड्याच्या कडेला भेग गेलीय असं वाटतं मला, पावसाआधी बघून जातो." तो म्हणाला, या कधी पण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मजूरबाईला म्हटलं, तुमच्या वाडीवर विहिरीतली बादली काढायचा गळ असेल तर घेऊन ये. ती गळ घेऊन आली. काय काढायचंय ते तिनं विचारलं नाही. वाटेत मोटारसायकलवर मागं बसून ती फक्त म्हणाली, "म्हणजे तेव्हा नव्हता काढलास."

सासू अंगणात मांडवाखाली दोन बायांना घेऊन पापड लाटत होती. मी गच्चीवर गेलो. टोपीची फरशी उचकटली. बांधकामातली उरलेली बारा फुटी सळई तिथंच पडली होती, ती आत सोडली. सहा-सात फुटांवर ती ठक्क वाजली. मी बराच वेळ कडेनं टोचत राहिलो. खालून सासूनं ओरडून विचारलं, "काय फोडताय हो?" मी ओरडून सांगितलं, "पावसाचं पाणी शिरेल अशी भेग आहे, ती खरवडतोय काकू." बोळा सुटला तेव्हा गळ टाकून वर ओढला. नारळाच्या दीडपट मोठा, वरून सिमेंटचा, खालून कोळशासारखा, आणि मध्ये अजून गोणपाटाची वीण दिसत होती. त्याच्यावर दोन हंगामांची काजळी बसलेली. मी तो घमेल्यात ठेवला आणि त्याच्यावर रिकामी सिमेंटची पिशवी टाकली. मजूरबाई खाली जाऊन चुलीत पडलेले तुकडे पदरात गोळा करून आली. मी टोपी परत बसवली, कडेनं माल भरला, आणि ती नसलेली भेगही वर-वर लिंपली, कुणी बघायला आलं तर दिसावी म्हणून.

उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सासू आत येऊन चहा ठेवते म्हणाली. सून गेल्यापासून ती कसंबसं गॅसवरच भागवत होती; त्या दिवशी टाकी संपली होती, म्हणून तिनं चूल पेटवली. तिनं स्वतः. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. लाकडं पेटली, धूर गळ्यात शिरला आणि कुणी आतून ओढून घ्यावा तसा वर गेला. घरात सुताएवढाही आला नाही. सासू पाटावर बसून चुलीकडे बघत राहिली. मग अंगणातल्या बायांना हाक मारली.

"गो, इकडं या. बघा. दोन वर्षं मी काय सांगत होते? ती गेली आन चूल कशी सरळ झाली. बघा एकदा डोळ्यांनी."

बाया आल्या, बघितलं. एक म्हणाली, "खरंच की गो." दुसरी म्हणाली, "हातच वाईट एकेकीचा." सासूच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मला सांगायला हवं. तिला सुटल्यासारखं वाटत होतं. दोन वर्षं आपण त्या पोरीवर उगाच तोंड सोडलं की काय, अशी शंका तिला येत असणार, आणि ती शंका त्या दुपारी मिटली. मी मिटवली.

तेव्हा बोलायचं होतं. घमेलं बाहेर पायरीवर होतं. पिशवी उचलली असती तरी पुरलं असतं, तोंड उघडायचीसुद्धा गरज नव्हती. मी चहा घेतला. चांगला झाला होता. सासूनं दुसरा कप विचारला, तोही घेतला.

मजूरबाई बाहेर घमेल्याजवळ उभी होती. तिला चहा दिला तर ती नको म्हणाली. परत निघालो, हायवेला लागायच्या आधी तिनं गाडी थांबवायला सांगितली. उतरली. घमेलं रस्त्याकडेच्या डबराच्या ढिगावर उलटं केलं.

"दादा, माझ्या पोटाला तू काम दिलंस, मी नाय म्हणत नाय," ती म्हणाली. "पण तू त्या पोरीचा हात खोटा पाडलास. चूल तू बांधलीस, बोळा तू ठेवलास, आन हात तिचा खोटा."

"सांगेन मी," मी म्हटलं.

"व्हय. सांगशील." तिनं घमेलं माझ्या हातात दिलं. "उद्यापासून मी नाय येत."

ती आली नाही. आता ती दुसऱ्या मिस्त्रीकडे जाते. रस्त्यात दिसली तर "काय दादा" म्हणते, पुढं जाते. तिनं हे कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. सांगितलं असतं तर माझ्या कानावर आलं असतं. तिनं ते माझ्यासाठी ठेवलं आहे.

त्यानंतर मी वर्षभर वरशाचा रस्ता टाळला. रोह्यात काम असलं तरी दुसऱ्या बाजूनं जायचो. कुणाकडून तरी कळलं की सून परत आलेली नाही. भांडण असं काही झालं नव्हतं. नवरा महिन्यातून दोन-तीनदा जित्याला जातो, दोन दिवस राहतो. सासूनं निरोप पाठवलाय, तब्येत बरी झाली आणि कामाची तयारी असली तर ये, दार उघडं आहे. सुनेच्या घरचे म्हणतात, तिच्यानं काम होणार नाही, मग बोलणी खायला पाठवायची कशाला. कुणीच कुणाला सोडलेलं नाही, आणि ती तिथंच आहे.

मागच्या हिवाळ्यात जित्याला एका शाळेच्या मागे कुंपणाची भिंत बांधायचं काम आलं. मी नाही म्हणू शकलो असतो. नाही म्हटलं नाही. जित्याचं नाव ऐकल्यावर माझ्या मनात काय चाललं होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी ती दिसली. तिच्या भावाचं घर शाळेच्या शेजारीच होतं. तिनं मला ओळखलं आणि तांब्यात पाणी घेऊन आली. बारीक झाली होती. दहा पावलं चालून आली आणि भिंतीला हात टेकून उभी राहिली, श्वास पुरा होईतो.

"काका, तुम्ही? ओळखलंत काय?"

"ओळखलं."

"वरशाला जाणं होतं?"

"नाही इतक्यात."

"हे म्हणत होते, चूल आता एकदम चांगली चालते." ती हसली. "म्हणजे माझाच हात. मला वाटायचं धुरांड्यात कायतरी हाय. उगाच तुमच्या कामाला नाव ठेवलं मी, तुमच्यासमोर. तेव्हापासून मनात होतं, भेटलात तर बोलायचं."

ती माझी माफी मागत होती. माझ्या हातात तांब्या होता. मी पाणी प्यायलो, सगळं, एका दमात, कारण तोंडाला तांब्या लावलेला असताना बोलावं लागत नाही.

"इथं करतेस स्वयंपाक?" मी विचारलं.

"वैनी नाय करू देत. गॅसवर चहा करते. चुलीपुढं गेले की वैनी म्हणते, ऊठ तू, तुझ्यानं नाय पेटायची. मस्करी करते हो, वाईट नाय ती." मग ती म्हणाली, "तुम्ही दाखवली होती तशी करून बघते मी कधीकधी, कुणी नसलं की. झावळी खाली, दोन काटक्या. पेटते. पण मोठा जाळ करायला भीती वाटते."

मी तिला सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. आतून वहिनीनं हाक मारली, ती "आले" म्हणाली आणि तांब्या घेऊन गेली. मी मागं गेलो नाही. भिंतीचं काम आणखी चार दिवस चाललं. ती रोज दुपारी पाणी आणून देत होती, आणि रोज मी प्यायलो.

हे लिहायला बसलो तेव्हा मनात असंही होतं की लिहिलं म्हणजे झालं. नाही होत. ती हे वाचणार नाही, तिची सासूही नाही. लिहिताना मला जे हलकं वाटायला हवं होतं तेही वाटलेलं नाही. उलट एकेक गोष्ट पुढं मांडली तेव्हा दिसलं की प्रत्येक वेळी बोलायला पुरेसा वेळ होता. मी विसरलो ते एकदाच, त्या पूजेच्या दुपारी. बाकी सगळं मी जागेपणी केलं. मुठीत घेतलेलं ते सुतळीचं टोक, ते नको म्हणून सांगितलेलं झाडणं, तो इवलासा जाळ.

तिच्या छातीत जे गेलं ते मला काढता येणार नाही. ते कुणालाच येणार नाही, डॉक्टरनं तसं सांगितलंय म्हणे. पण तिच्या हाताबद्दल जे बोललं जातं ते मला पुसता येतं, आणि ते पुसू शकणारा माणूस मी एकटा आहे. जित्याला जाऊन तिला सांगायचं, आणि मग वरशात त्या स्वयंपाकघरात तिच्या सासूपुढे, नवऱ्यापुढे आणि त्या दोन शेजारणींपुढे उभं राहून म्हणायचं की धुरांडं माझ्या बोळ्यानं बंद होतं, मला ते ठाऊक होतं, आणि हिला चूल पहिल्यापासून नीट पेटवता येत होती. एवढं मी तिला देणं लागतो. अजून दिलेलं नाही.